फिरकीचा तांब्या

बाबा,

काल सकाळी धाकट्याची नात तांब्या मागायला आली, म्हणून हे लिहायला बसले आहे. एरवी बसले नसते. तुम्हाला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारी बाई मी नव्हे. पण ती पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मास्तरांसाठी पाणी आणलेला तो फिरकीचा तांब्या तुमच्याकडे असेल तर आजोबांनी मागितलाय. त्यांना त्यातून पाणी प्यायचंय. आता पाण्याशिवाय दुसरं काही पोटात जात नाही त्यांच्या." मी म्हटलं, शोधावा लागेल, दोन दिवसांनी ये. शोधायचं काय होतं? स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी, तो रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो. दर शनिवारी चिंचेने घासते. दार लावताना ध्यानात आलं, की या तांब्याच्या बाबतीत मी खोटं बोलण्याची ही पहिली खेप नाही. पहिली खेप तुमच्याशी झाली.

धाकटा म्हणजे तुमच्या तिघांतला धाकटा. ते तिघे भाऊ नव्हते. गाबीतवाड्यातल्या तीन वेगवेगळ्या घरांतले, एका होडीवर जाणारे. थोरला, मधला आणि धाकटा ही नावं मी त्यांना मनातल्या मनात दिली होती, कारण त्यांची खरी नावं तुमच्या तोंडून इतक्या मायेने निघत, की मला ती उच्चारायची नव्हती. थोरला आणि मधला कधीच गेले. हा एक उरला आहे.

पन्नास ते साठ सालाच्या मधले ते पावसाळे. समुद्र बंद, होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या, आणि कामाविना बसलेले मोठे पुरुष शाळेच्या व्हरांड्यात जाळी विणत अक्षरं गिरवायला येत. दुपारी मुलांची शाळा सुटली की तुम्ही त्यांची भरवायचात. शिकवून झालं की गोष्ट. तुम्ही ख्रिस्ती होतात, पण त्यांना ख्रिस्ती करायला बघत नव्हता, हे गावाला ठाऊक होतं. मधल्याने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "मास्तर, आमचो रवळनाथ आमका पुरे. पण त्या राजाची गोष्ट सांगा." तो राजा म्हणजे इस्राएलचा दावीद, आणि गोष्ट त्याची कमी, त्याच्या शूरांची जास्त. राजा होण्याआधी तो रानोमाळ पळत होता, गुहेत लपत होता, तेव्हापासून त्याच्यामागे राहिलेली माणसं. बायबलात त्यांची यादीच दिली आहे. सगळ्यांत वर तिघे, त्यांच्याखाली तीस.

एकाने हिमाच्या दिवशी खड्ड्यात उतरून सिंह मारला. धाकट्याने जाळ्यातली सुई थांबवून विचारलं, "हिम म्हंजे काय, मास्तर?" तुम्ही म्हणालात, बर्फ, आभाळातून पडतो. "मगे तो सिंव मेल्यार धा दिवस तरी ताजो रवलो असतलो!" सगळा व्हरांडा हसला. सगळ्यांत जास्त तुम्ही हसलात. दुसरा एक मसुरीच्या शेतात एकटा उभा राहिला, बाकीचे पळाले तरी. थोरल्याला ते पटेना. "डाळीच्या एका वाफ्यासाठी जीव देवचो?" तुम्ही वर्गात पुस्तकी मराठीच बोलायचात. म्हणालात, "वाफा केवढा ते बघायचं नसतं. पळायचं की उभं राहायचं, एवढंच असतं." आणि तिसऱ्याचा हात लढता लढता तलवारीलाच चिकटून गेला, हे सांगितलंत तेव्हा कोणी हसलं नाही. थोरला आपला पंजा उघडमीट करत म्हणाला, "ता खरां आसा. वल्ह्याक चिकटता. उलटो वारो आसलो काय हात आपलो रवणा नाय."

मी आत, शाळेला लागूनच्या आपल्या घरात, दाराच्या आड, तांदूळ निवडत बसलेली असे. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि मी बारा वर्षांची होते. मला ती सगळी यादी पाठ होती. कोण कुठला, कोणाचा मुलगा, कोणी कोणाला मारलं. एका संध्याकाळी ते तिघे जायला निघाले असताना मी दारात आले आणि पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत एका दमात म्हणून दाखवली. धाकटा म्हणाला, "शिरां पडो! ह्या चेडवाक सगळां येता मा!" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "पाठांतर बरं आहे. आता पेजेखालचा जाळ बघ."

जाळ पाहिला. दुसरं काय करणार? पण बाबा, त्या वर्षी धाकट्याने स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं, वेलांटी उलटी काढून, आणि तुम्ही खिशाचं पेन काढून त्याला दिलंत. काळं, सोनेरी निबचं, तुमचं एकुलतं एक. मी सातवीत पहिली आले तर ते मला मिळेल असं मी मनाशी धरून चालले होते. तुम्ही तसं कधी म्हणाला नव्हता, हे कबूल करते. मी पहिली आले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. धाकट्याने त्या पेनने पुढे काय लिहिलं असेल? तो ते सदऱ्याला लावून जत्रेला जायचा.

रापणीचा दिवसही याच सुमाराचा. पाऊस उघडल्यावरची पहिली मोठी रापण होती. होडीने समुद्रात जाळ्याचा फेर टाकून त्याची दोन्ही टोकं किनाऱ्याला आणलेली, आणि दोन्ही दोरांवर अर्धा गाव ओढायला लागलेला. आपल्याकडे ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा. मी परकर खोचून तिघांच्या मागे दोराला लागले. तळहात सोलून निघाले तरी सोडला नाही. शाळा सुटल्यावर तुम्ही आलात, एकेक बोट सोडवून माझे हात दोरावरून काढलेत आणि म्हणालात, "तू सामानापाशी बस." ओढणाऱ्यांचे सदरे, डबे, पाण्याचा माठ असं सगळं उंडीच्या झाडाखाली होतं. तिथे एक लंगडा म्हातारा राखणीला बसलेला असे. त्याच्या शेजारी मी बसले. पुढे वाटे घालताना कोणीतरी कुरकुरलं की म्हाताऱ्याने दोराला हात लावलेला नाही, त्याला पुरा वाटा कशाला. तुम्ही तिथेच उभे राहून दावीदाचा नियम सांगितलात. लढाईला गेलेला आणि सामानापाशी राहिलेला, दोघांचा वाटा सारखा. दमून मागे राहिलेल्यांना लूट द्यायला काही जण तयार नव्हते, तेव्हा त्याने तो घालून दिला होता. मधला म्हणाला, "बराबर. आमचीय रीत तीच. हो काय फुकट बसलो न्हवतो, कावळे हाकवी होतो." म्हाताऱ्याला वाटा मिळाला. मलाही मिळाला. बारा-पंधरा बांगडे माझ्या पुढ्यात ठेवले. मी ते लाथेने वाळूत उडवले. तुम्ही रागावला नाहीत. वाकून एकेक बांगडा उचललात, लाटेत धुतलात, धोतराच्या सोग्यात घेतलात. संध्याकाळी मी त्यांचं तिखलं केलं. तुम्ही जेवलात. मी जेवले नाही.

तुम्हाला वाटलं असेल, पोर हट्टी आहे. हट्ट नव्हता तो. मला त्या यादीत जागा हवी होती. तिघांत नाही तर तिसांत. तिसांत नाही तर सगळ्यांत शेवटी.

मी कोल्हापूरला शिकायला गेले तेव्हा तिघेही एस.टी.पर्यंत पोचवायला आले होते. माझी ट्रंक थोरल्याच्या डोक्यावर होती. चार वर्षं मी फोंडाघाट चढत-उतरत होते. बी.ए. झाले, तिथल्याच एका शाळेत नोकरी लागली, आणि दोन महिन्यांत तुमचं दुखणं कळलं. पत्र धाकट्याने लिहिलं होतं. त्याच पेनने. "मास्तर बरे नाहीत. ते सांगणार नाहीत. तू ये." वेलांट्या आता सरळ होत्या. नोकरी सोडून आले. साठ साल उलटून गेलं होतं, पावसाळा तोंडावर होता.

तुमचा ताप उतरेना, अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, पेज आणि पाणी द्या, जेवढं जाईल तेवढं. मी दिवसातून सहा वेळा विहिरीवर जात होते. आपल्या विहिरीचं पाणी किंचित मचूळ, तुम्हाला ते कधी आवडलं नाही. मी उकळून, गाळून, तुळशीचं पान टाकून द्यायची. तुम्ही दोन घोट घेऊन पेला खाली ठेवायचात. तिघे रोज दुपारी येऊन बसत. एका दुपारी मी पेला तुमच्या हातात दिला, तुम्ही तो ओठाला लावलात, खाली ठेवलात आणि खिडकीतून खाडीकडे बघत म्हणालात, "आमच्या विहिरीचं पाणी एकदा कोणी पाजलं असतं तर."

"आमच्या" म्हणजे खाडीपलीकडच्या, देवगडच्या अंगाच्या, तुमच्या जन्मगावच्या. पंचविसाव्या वर्षी तुम्ही ख्रिस्ती झालात आणि तुमच्या भावांनी तुम्हाला त्या विहिरीचा दोर शिवू नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून तुम्ही खाडी ओलांडली नव्हतीत. आपल्या दारातून ते माड दिसायचे. आईने एकदा मला बोट करून दाखवले होते. तुम्ही कधीच दाखवले नाहीत.

आता मला तुम्हाला विचारायचं आहे. ती गोष्ट तुम्हीच त्यांना शिकवली होतीत ना? दावीद गुहेत आहे, त्याच्या गावात, बेथलेहेमात, शत्रूचं ठाणं बसलं आहे, आणि तो सुस्कारा टाकून म्हणतो, वेशीजवळच्या विहिरीचं पाणी मला कोण पाजील. आणि ते तिघे काही न बोलता उठतात, शत्रूच्या छावणीतून वाट काढतात, आणि पाणी घेऊन येतात. दर पावसाळ्यात ते तिघे ही गोष्ट मागून घ्यायचे. तुम्हाला हे ठाऊक असताना तुम्ही त्यांच्या देखत तो सुस्कारा टाकलात. ताप होता, मान्य. पण मीही तिथेच होते. मला ती गोष्ट त्यांच्यापेक्षा चांगली पाठ होती. मी का उठले नाही? कारण माझ्या हातात तुम्ही खाली ठेवलेला पेला होता, आणि मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले होते. बाहेर आले तेव्हा तीन पाट रिकामे होते.

खाडी पुराने फुगलेली होती. पलीकडे नेणारी तर बंद. तरीवाल्याने चार दिवस होडी सोडली नव्हती. खाडीच्या तोंडाशी पुराचं पाणी आणि समुद्र एकमेकांवर आदळत होते, त्याचा आवाज घरात ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते निघाल्याचं मधल्याच्या बायकोने येऊन सांगितलं. मला शिव्या देऊन गेली. "तुझ्या बापाशीक तहान लागली, माझ्या घोवाक कित्याक बुडयतंस?" मी तुम्हाला सांगितलं नाही. दिवसभर तुमच्या डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिले आणि ते बुडाले तर तुम्हाला कसं सांगायचं याचा विचार करत राहिले. आणि बाबा, आज लिहितेच आहे तर सगळंच लिहिते. ते परत आले तर तुमचा चेहरा कसा होईल, याचाही विचार करत होते. तोच जास्त.

दुपारी तीनच्या सुमाराला आले. अंगावर कोरडा धागा नाही. होडीची एक फळी फुटलेली. थोरल्याचा उजवा हात वल्ह्याच्या मुठीवर वळला होता तो तसाच मिटून राहिलेला, बोटं उघडत नव्हती. गोष्टीतल्यासारखा. मी गरम पाणी आणि खोबरेल तेल घेऊन त्याचं एकेक बोट सोडवलं. त्याला कळा येत होत्या, तो हूं की चूं करत नव्हता, आणि मला त्या हाताचासुद्धा हेवा वाटत होता. धाकट्याच्या काखेत त्याच्या आईचा फिरकीचा तांब्या होता, प्रवासात न्यायचा, फिरवून घट्ट बसवायच्या झाकणाचा. फिरकीवर फडकं बांधलेलं. म्हणाला, "तुझ्या काकीन काडून दिल्यान. आमी विहिरीर गेलो, तर म्हातारी आपणच इली. कोणासाठी ता आमी सांगूक नाय. तिनाच इचारल्यान, 'माझो धाकटो दीर बरो आसा मा?'"

तुम्ही झोपला होतात. मी म्हटलं, तुम्ही अंग पुसा, मी तांब्या पुसून आणते. आत गेले. फिरकी उघडली. ते पाणी एका पातेल्यात ओतलं, वर झाकण ठेवलं. आणि आपल्या कळशीतलं पाणी तांब्यात भरून फिरकी घट्ट केली.

का केलं, ते तेव्हाही मला स्वच्छ माहीत होतं, आजही आहे. तुम्ही ते पिणार होतात. पिऊन डोळे मिटून म्हणणार होतात, "हेच ते." आणि मग मी, तिघांच्या देखत, म्हणणार होते, "हे आपल्या दारचं आहे, बाबा. दिवसातून सहा वेळा देते तेच."

तुम्ही जागे झालात. तिघांकडे पाहिलंत, त्यांच्या गळणाऱ्या केसांकडे, थोरल्याच्या हाताकडे. धाकट्याने तांब्या पुढे केला. तुम्हाला सांगावं लागलं नाही. तुम्ही खूप वेळ तो दोन्ही हातांत धरून होतात. मला वाटलं, आता. मग तुम्ही म्हणालात, "मला उठवा." मधल्याने आणि धाकट्याने धरून तुम्हाला ओटीवर आणलं. तुम्ही फिरकी काढलीत आणि सगळं पाणी, थेंब न थेंब, माडाच्या बुंध्याशी ओतलंत. म्हणालात, "हे पाणी नाही, तुमचं रक्त आहे. हे मी कसं पिऊ? हे देवाचं." गोष्टीच्या शेवटी राजाने केलं तेच. धाकटा रडायला लागला. थोरला मान खाली घालून उभा राहिला. मी दारात होते. तोंड उघडायचं तर काय बोलायचं? तुम्ही मला बोलायला जागाच ठेवली नाहीत. माझं पाणी तुम्ही रोज प्यायचात, पेला अर्धा ठेवून, आणि त्याच माझ्या पाण्याला त्या दिवशी तुम्ही देवापुढे ठेवलंत, ते त्यांचं समजून.

मग ते पातेलं. फेकून देणं मला जमलं नाही. तीन माणसांनी जीव घातला होता आणि एका म्हातारीने विचारलं होतं, बरा आहे ना. मी त्याची पेज केली. संध्याकाळी तुम्हाला भरवली. पहिल्या घोटाला तुम्ही थांबलात. म्हणालात, "आज पेज आईच्या हातची लागते." मग आणखी एक वाडगा मागून घेतलात. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मी भरवत होते आणि वाटत होतं, तांदूळ मी धुतले, जाळ मी घातला, मिठाचा अंदाज माझा, आणि गुण मात्र त्यांच्या पाण्याचा.

सांगितलं असतं तर? रक्त म्हणून जे नाकारलंत तेच दोन वाडगे प्यायलात, हे तुम्हाला सोसलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. सांगितलं असतं तर ते तिघे तुमच्या आणखी जवळ गेले असते.

नारळी पौर्णिमेआधी तुम्ही गेलात. खांदा तिघांनी दिला, चौथा खांदा बदलत राहिला. आपल्या ख्रिस्ती लोकांतल्या कोणी हरकत घेतली नाही. मी घरी थांबले, आलेल्या बायकांना पाणी देत. सामानापाशी. तांब्या माझ्याकडेच राहिला. धाकट्याने कधी मागितला नाही. पुढे मी शाळेत लागले, मुख्याध्यापिका झाले. धाकट्याची पोरं-नातवंडं माझ्या हाताखालून गेली. रस्त्यात भेटला की तो हात जोडायचा, मी मान हलवायची. तेवढंच.

काल इथवर लिहून उठले. आज सकाळी नातीची वाट पाहिली नाही, स्वतःच गेले. आधी आपल्या दारच्या विहिरीवर गेले. तिथे आता पंप आहे, पण मी कळशी सोडली. गुडघे आठवडाभर बोलतील. तांब्या भरला.

धाकटा पुढल्या पडवीत खाटेवर होता, समुद्राकडे तोंड करून. हाडांवर कातडी. आवाज मात्र तोच.

"कोण? मास्तरांचा चेडू? तांब्यो हाडलंस?"

"हाडलंय," मी म्हटलं. किती वर्षांनी मालवणीत बोलले कोण जाणे.

त्याने तो हातांनी चाचपला. "फिरकी खंय?"

"हरवली."

"अगो, पन्नास वर्सां तांब्यो सांबाळलंस आणि फिरकी घालवलंस? इतक्या शिकून!" नात हसली. मी तिला म्हटलं, तू बस, तूही ऐक. आणि सांगितलं. पातेलं, कळशी, माड, पेज. काही गाळलं नाही. वर्गात सांगते तसं क्रमाने सांगितलं. तो डोळे मिटून होता. मला वाटलं, झोप लागली.

मग म्हणाला, "मगे आमचा पाणी मास्तर पियाले?"

"पेजेतसून."

"किती?"

"दोन वाडगे."

"दोन!" तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. नात पाठ चोळायला धावली, तिला हाताने दूर सारलं. "अगो बाय, थोरलो मरताना माका काय म्हणालो म्हायत आसा? म्हणालो, 'जीव घालून पाणी हाडला आणि मास्तरांनी एक घोट पण घेतल्यानी नाय. देवाक दिल्यानी. देवाक काय समुद्र कमी होतो? ते पाणी पितले तां पोरीच्या हातचां.' त्या दिसा मिया रडलंय ता कित्याक वाटला तुका? भक्तीन? माका वायट वाटला होतां. आमी तिघवय तुझ्यार जळायचो."

मी खाटेच्या कडेवर टेकले.

"म्हणजे बघ," तो बोटं मोजत म्हणाला, "तुझां पाणी देवाक गेलां. आमचां मास्तरांच्या पोटात गेलां. वाटो सारखो." आणि पुन्हा हसला. "थोरलो आसतो तर नाचलो आसतो."

नातीने तांब्या त्याच्या ओठाला लावला. तीन घोट घेतले. तोंड वाकडं केलं. "मचूळ आसा."

"आमच्या विहिरीचां."

"आसू दे. बरां आसा."

येताना नातीच्या वहीवर लिहून दिलं आणि तिची सही घेतली, कारण वस्तू दिली की नोंद ठेवायची ही शिस्त मी शाळेत पस्तीस वर्षं पाळली आहे: फिरकीचा पितळी तांब्या, नग एक, कडेला पोचा असलेला. फिरकी नाही. आत आमच्या विहिरीचं पाणी, तीन घोट कमी. मूळ मालकाकडे परत.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. वाटा सारखा झाला हे मला मान्य आहे. तुमचा नियम आहे, रापणीचा आहे, आणि तो बरोबर आहे. पण फिरकी हरवलेली नाही. ती इथे टेबलावर आहे. खाडीकडून वारा सुटला आहे, कागद उडतात, म्हणून त्यांच्यावर ठेवली आहे.